आंतरराष्ट्रीय संघटना आणि संकट व्यवस्थापन : पदव्युत्तर शिक्षणाचा निर्णय घेण्यापूर्वी

- प्रतिनिधी

गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची भूमी हादरली. किल्लारी आणि परिसरातील हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. ढिगारे उपसण्याचे काम काही आठवड्यांत संपले. खरे प्रश्न त्यानंतर उभे राहिले. गावे जागच्या जागी वसवायची की हलवायची? घराचा आराखडा कोणी ठरवायचा? पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले आणि त्याबरोबर बँकेची नियमावलीही आली. एका बाजूला राज्य सरकारची यंत्रणा, दुसऱ्या बाजूला देशभरातून आलेल्या स्वयंसेवी संस्था आणि या सर्वांच्या मध्ये स्वतःच्या घराबद्दल काही सांगू पाहणारा गावकरी, असे चित्र तेव्हा दिसले. संकटात सापडलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचण्यापूर्वी ती किती संस्थांच्या, किती नियमांच्या चाळणीतून जाते, याचा अनुभव मराठवाड्याने त्या काळात घेतला.

या चाळणीचाच शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी एक विद्याशाखा गेल्या काही दशकांत युरोपातील विद्यापीठांत रुजली आहे. आंतरराष्ट्रीय संघटना आणि संकट व्यवस्थापन हे तिचे नाव. संयुक्त राष्ट्रसंघात काम करण्याचे स्वप्न पाहणारे अनेक विद्यार्थी या विषयातील पदव्युत्तर पदवीकडे वळतात. मात्र या पदवीतून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याची स्पष्ट कल्पना फार थोड्यांना असते. दोन वर्षे आणि कुटुंबाची वीस-पंचवीस लाख रुपयांची पुंजी पणाला लावण्यापूर्वी ती करून घेणे आवश्यक आहे.

आपत्ती आणि संकट

पहिला गैरसमज नावाविषयीच आहे. आपल्याकडे संकट व्यवस्थापन म्हटले की पूर, भूकंप, दरडी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान डोळ्यांसमोर येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात ‘संकट’ या शब्दाचा रोख मुख्यतः राजकीय आणि सशस्त्र संघर्षाकडे असतो. एखाद्या मूलभूत मूल्याला गंभीर धोका, निर्णयासाठी अपुरा वेळ आणि परिस्थितीविषयी अनिश्चितता, ही संकटाची तीन लक्षणे मानली जातात. १९६२ चा क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेच हे त्याचे आजही शिकवले जाणारे उदाहरण होय.

त्यामुळे ज्याला शोध व बचाव, धरणांची सुरक्षितता किंवा भूकंपरोधक बांधकाम यांत रस आहे, त्याने आपत्ती व्यवस्थापनाचा मार्ग धरावा. युद्ध का थांबत नाही, निर्वासितांची जबाबदारी कोणाची, शांतिसेना कधी पाठवावी आणि कधी परत बोलवावी, असे प्रश्न ज्याला अस्वस्थ करतात, त्याच्यासाठी ही विद्याशाखा आहे. दोन्हींच्या सीमारेषा मदतकार्याच्या पातळीवर एकमेकींत मिसळतात, हे मात्र खरे.

अभ्यास कशाचा?

या अभ्यासक्रमांचा गाभा तीन भागांचा असतो. पहिला भाग संघटनांचा. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद, सुरक्षा परिषदेतील १५ सदस्य आणि पाच स्थायी सदस्यांचा नकाराधिकार, शांततामय तोडग्यासंबंधीचे सनदेतील सहावे प्रकरण, बळाच्या वापराला अनुमती देणारे सातवे आणि प्रादेशिक संघटनांविषयीचे आठवे प्रकरण यांचा परिचय येथे होतो. युरोपीय संघ, नाटो, आफ्रिकी संघ, युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटना यांची रचना व मर्यादाही त्यात येतात. दुसरा भाग संघर्षाचा : तो का पेटतो, कसा पसरतो, मध्यस्थी केव्हा फळते. तिसरा भाग संशोधनपद्धतींचा : आकडेवारीचे विश्लेषण, मुलाखती, कागदपत्रांचा चिकित्सक अभ्यास.

अभ्यासाची खरी धार मात्र प्रत्यक्ष घटनांच्या चिकित्सेत आहे. रवांडाचे उदाहरण पाहू. ११ जानेवारी १९९४ रोजी तेथील शांतिसेनेचे कॅनेडियन प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवून शस्त्रांच्या गुप्त साठ्यांची आणि नियोजित हत्यांची माहिती कळवली. साठ्यांवर छापे घालण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. तीन महिन्यांपूर्वी सोमालियात १८ अमेरिकन सैनिक मारले गेले होते आणि नव्या झगड्यात अडकण्यास मुख्यालय धजावत नव्हते. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची ही सेना २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. विशेष म्हणजे त्या वर्षी खुद्द रवांडा सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता.

या घटनेत दोषी कोण, हा न्यायालयाचा प्रश्न झाला. विद्यार्थ्यासमोरचा प्रश्न वेगळा असतो : प्रामाणिक अधिकारी, लेखी नियम आणि वेळेवर मिळालेली माहिती असूनही संस्था चुकीचा निर्णय का घेते? नियमांचे पालन हेच उद्दिष्ट कसे बनते? मुख्यालय आणि प्रत्यक्ष क्षेत्र यांतील अंतर माहितीचा अर्थ कसा बदलते?

बोस्नियाच्या अभ्यासात मराठी वाचकाला एक ओळखीचा धागा सापडतो. माजी युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षक दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी होते. १९९२-९३ मध्ये त्यांनी हे दल सांभाळले. ते परतल्यानंतर सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सासह काही शहरे ‘सुरक्षित क्षेत्रे’ म्हणून जाहीर केली. पण ती राखण्याइतके सैन्य दिले नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा पडले आणि आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष व मुलगे ठार मारले गेले. आश्वासन आणि साधने यांत तफावत पडली की काय घडते, याचा हा धडा होता. याच अपयशांच्या मीमांसेतून २००० साली शांतिसेनेच्या सुधारणांचा ब्राहिमी अहवाल आला आणि २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत नागरिकांच्या ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारले गेले.

यशाची उदाहरणेही शिकवली जातात. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कोफी अन्नान यांच्या नेतृत्वाखाली ४१ दिवस वाटाघाटी चालल्या आणि २८ फेब्रुवारी २००८ रोजी सत्तावाटपाचा करार झाला. मध्यस्थ एकच असणे, शेजारी देशांचा एकमुखी पाठिंबा आणि दोन्ही पक्षांवर राखलेला सततचा दबाव या गोष्टी तेथे जुळून आल्या.

येना विद्यापीठातील अभ्यासक्रम

नेमक्या याच नावाची एम. ए. पदवी देणारा अभ्यासक्रम जर्मनीच्या थुरिंगिया राज्यातील येना येथील फ्रीडरिश शिलर विद्यापीठात आहे. माध्यम इंग्रजी, कालावधी चार सत्रांचा. १५५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात महाकवी शिलर यांनी इतिहासाचे अध्यापन केले होते, तर कार्ल मार्क्स यांना १८४१ मध्ये येथूनच डॉक्टरेट मिळाली. झाइस या काचभिंगांच्या उद्योगामुळे येना जगाला ठाऊक झाले. सुमारे लाखभर वस्तीचे हे शांत शहर आहे. तासाभराच्या आत वायमार आणि त्यालगतचे बुखेनवाल्ड छळछावणीचे स्मारक आहे. संस्था कोसळल्यावर काय होते, याचे दर्शन तेथे पुस्तकाविना घडते.

जर्मनीतील पदव्युत्तर पदवी साधारणतः १२० युरोपीय श्रेयांकांची असते आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे श्रम गृहीत धरले जातात. तासिका थोड्या, वाचन अधिक, असा हा प्रकार आहे. चर्चासत्रात विषय मांडायचा, सत्राअखेरीस पंधरा-वीस पानांचा संशोधनपर निबंध लिहायचा आणि शेवटच्या सत्रात प्रबंध सादर करायचा. वर्षभर निश्चिंत राहून शेवटच्या महिन्यात मार्गदर्शिका वाचणाऱ्या विद्यार्थ्याला येथे पहिल्याच सत्रात ठेच लागते. उताऱ्यांची परतफेड न करता स्वतःचा युक्तिवाद उभा करणे, ही आपल्या पदवीशिक्षणात क्वचितच शिकवली जाणारी गोष्ट तेथे पहिल्या दिवसापासून अपेक्षित असते.

अन्य पर्यायही आहेत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ संघर्षांच्या आकडेवारीसाठी, ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठ शांतता अभ्यासासाठी, लंडनचे किंग्ज कॉलेज युद्ध अभ्यासासाठी, तर जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सान्निध्यासाठी ओळखली जाते. मानवतावादी मदतकार्याचा संयुक्त अभ्यासक्रम चालवणारे ‘नोहा’ हे युरोपीय विद्यापीठांचे जाळेही प्रसिद्ध आहे.

पात्रता आणि प्रवेश

जर्मनीत बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीच्या विषयाला जोडून असतात. राज्यशास्त्र किंवा निकटच्या विषयाचे ठरावीक श्रेयांक पदवीत असावे लागतात. अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेतून थेट अर्ज करणाऱ्यांचे अर्ज याच कारणाने बाद होतात. अशा विद्यार्थ्यांनी प्रत्येक विद्यापीठाची विषयविषयक अट आधी वाचावी. तीन वर्षांच्या भारतीय पदवीबाबतही विद्यापीठनिहाय धोरण तपासावे.

गुणांचे रूपांतर हा आणखी एक महत्त्वाचा मुद्दा. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी, तर ४ ही उत्तीर्णतेची सीमा. सर्वाधिक शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा, असे हे सूत्र आहे. उत्तीर्णतेची सीमा ४० आणि मिळालेले गुण ६४ टक्के असतील, तर श्रेणी २.८ येते. कला शाखेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही श्रेणी मध्यम वाटावी इतकी असते. म्हणून हेतुपत्र, इंग्रजीची परीक्षा आणि संबंधित अनुभव यांचे वजन वाढते.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी नवी दिल्लीतील शैक्षणिक मूल्यमापन केंद्राचे, म्हणजेच ‘एपीएस’चे प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे. त्याचे शुल्क १८ हजार रुपये असून प्रक्रियेला वेळ लागतो. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून तयारीला लागावे, हे श्रेयस्कर.

खर्चाचा हिशेब

थुरिंगियातील सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांकडून पदव्युत्तर शिक्षणाचे शिकवणी शुल्क घेतले जात नाही. दर सत्राला काही शे युरोंचे सत्रशुल्क तेवढे भरावे लागते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो द्यावे लागतात.

शिकवणी मोफत म्हणजे शिक्षण मोफत, असा समज करून घेऊ नये. व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च गोठवलेल्या खात्यात आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरवण्यात आली. युरोला शंभर रुपये धरले तरी ती बारा लाखांच्या घरात जाते. दोन वर्षांचा निर्वाह, आरोग्यविमा, विमानप्रवास आणि घरासाठीची अनामत धरता वीस-पंचवीस लाखांची तजवीज लागते. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु लहान शहरात जर्मन भाषेशिवाय काम मिळणे कठीण. जाण्यापूर्वी पुणे किंवा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात भाषेच्या दोन-तीन पातळ्या पूर्ण केल्यास तो खर्च नव्हे, गुंतवणूक ठरते.

शिष्यवृत्तींमध्ये जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, अर्थात ‘डाड’, हे पहिले नाव. इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमांसाठी निवड झालेल्यांना महिना १,४०० युरो मिळतात. स्पर्धा अर्थातच तीव्र असते. महाराष्ट्रातील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. शिकवणी शुल्क नसलेली अनेक चांगली जर्मन विद्यापीठे त्या क्रमवारीत खाली असतात, याची खातरजमा अर्जापूर्वीच करावी.

नोकरी आणि पारपत्राचा अडसर

माहितीपत्रकांत सहसा न येणारी बाब येथे नोंदवणे भाग आहे. ज्या संघटनांचा अभ्यास विद्यार्थी दोन वर्षे करतो, त्यांतील अनेकांचे दरवाजे भारतीय पारपत्रधारकाला बंद असतात. नाटोतील नोकऱ्या सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात. युरोपीय संघाच्या संस्थांत कायम पदांसाठी संघाचे नागरिकत्व लागते. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेत सहभागी देशांचे नागरिक घेतले जातात. वर्गातील जर्मन किंवा इटालियन सहाध्यायी जेथे सहज उमेदवारी करू शकतो, तेथे आपला विद्यार्थी अर्जही करू शकत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघ भारतीयांना खुला आहे. मात्र पायऱ्या समजून घ्याव्यात. ‘पी-२’ या प्रारंभिक व्यावसायिक पदासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. ‘पी-३’साठी पाच वर्षांचा. तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला वयोमर्यादा ३२ वर्षे असून दरवर्षी जाहीर होणाऱ्या यादीतील देशांचेच नागरिक बसू शकतात. कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांची पदे देणगीदार देश मुख्यतः आपल्या नागरिकांसाठी पुरस्कृत करतात. सचिवालयातील प्रशिक्षणार्थींना वेतन मिळत नाही. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात स्वखर्चाने सहा महिने राहणे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारे नाही. त्या तुलनेत बॉन येथे मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम अधिक व्यवहार्य वाटतो, कारण त्यात निर्वाहभत्ता मिळतो आणि क्षेत्रातला अनुभवही गाठीशी जमा होतो.

त्यातच २०२५ हे वर्ष या क्षेत्रासाठी कसोटीचे ठरले. अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली आणि १ जुलै २०२५ पासून ‘यूएसएड’ ही संस्था स्वतंत्रपणे काम करीनाशी झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने २० टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. २०२६ च्या नियमित अर्थसंकल्पात सुमारे १५ टक्के कपात सरचिटणीसांनी प्रस्तावित केली. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसे नोकरीच्या शोधात बाहेर पडली. नव्या पदवीधराला आता त्यांच्याशीही स्पर्धा करावी लागते.

तरीही वाटा पूर्ण मिटलेल्या नाहीत. आपत्तीरोधक पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी २०१९ मध्ये भारताच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे. ‘गूंज’, ‘सीड्स’ यांसारख्या भारतीय संस्थांना मदतकार्याची आखणी जाणणारी माणसे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मुंबई-न्हावाशेव्यातून युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालू लागला. अशा जोखमीचा अंदाज बांधणाऱ्या विश्लेषकांची गरज जहाज, विमा आणि निर्यात उद्योगांना भासते.

देशातील पर्याय

परदेशी जाणे हाच एकमेव मार्ग नव्हे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण, संघटना आणि निःशस्त्रीकरण यांचे स्वतंत्र केंद्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला आहे. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्तीविषयक अभ्यासाचे ‘जमशेटजी टाटा स्कूल’ आहे, तर पुण्याच्या ‘यशदा’मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते. येथे पाया पक्का करून, दोन वर्षे प्रत्यक्ष काम करून मग परदेशी पदवी घेणाऱ्याला तिचा लाभ अधिक होतो. कारण वर्गातील सिद्धान्त पडताळून पाहण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःचा अनुभव असतो.

कोणी जावे?

पदव्युत्तर पदवी म्हणजे निळ्या टोपीचे नियुक्तिपत्र नव्हे, ही खूणगाठ प्रथम बांधावी. मदतकार्यात केवळ ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ जाणणाऱ्या माणसाची गरज मर्यादित असते. लेखापाल, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे अभियंते, सांख्यिकी जाणणारे, गोदाम आणि वाहतूक सांभाळणारे यांची निकड प्रत्येक छावणीत असते. तेव्हा पदवीच्या जोडीला असे एखादे हाताचे कौशल्य आणि फ्रेंच किंवा अरबी यांसारखी एक भाषा असावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी दोन येणाऱ्या उमेदवाराचे पारडे साहजिकच जड होते.

अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी मिळालीच नाही, तरी हा अभ्यास करावासा वाटेल का? खर्चाची रक्कम कर्जाची असेल, तर भारतातील पगारावर ती फेडता येईल का? आणि पदवीपूर्वी किंवा पदवीच्या काळात प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोठून मिळवणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर उरलेल्या दोन प्रश्नांकडे वळण्याचे कारण नाही.

उत्तर होकारार्थी असेल, तर मात्र हे शिक्षण फुकट जात नाही. किल्लारीच्या पत्र्याच्या निवाऱ्यात बसलेल्या माणसाला जागतिक बँकेची कलमे ठाऊक नव्हती आणि बँकेच्या अधिकाऱ्याला त्या माणसाच्या घराची ओसरी ठाऊक नव्हती. या दोघांची भाषा एकमेकांना समजावून देणारी माणसे त्या वेळी थोडी होती. ती अधिक संख्येने निर्माण व्हावीत, यासाठी अशा अभ्यासाची गरज आहे. मग त्यांचे कार्यालय जिनिव्हात असो वा जिल्हाधिकारी कचेरीत.